ब्राउझरमधील हरवलेल्या वाचनखुणा परत कशा मिळवाव्यात?

पागोळी (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार. माझ्या संगणकावरील फायरफॉक्समध्ये गेल्या ११ वर्षांत साठवलेल्या सर्व वाचनखुणा, म्हणजे बुकमार्क, शुक्रवारपासून दिसेनाशा झाल्या आहेत. त्या परत मिळवण्यासाठी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

संगणक फार संथ चालत होता म्हणून तो गावातील एका दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. दोन दिवसांनी तो परत आला, तेव्हा माझी कागदपत्रे आणि छायाचित्रे जागच्या जागी होती. फायरफॉक्स उघडले मात्र अगदी कोरे, जणू आजच पहिल्यांदा बसवले आहे असे. दूरध्वनीवर विचारले असता, जुने ३२ बिटचे फायरफॉक्स काढून ६४ बिटचे बसवले, बाकी कशालाही हात लावलेला नाही, असे सांगण्यात आले. विंडोज नव्याने टाकलेले नाही. मी सिंकचे, म्हणजे खुणा इंटरनेटवर ठेवून सर्व यंत्रांवर सारख्या राखणाऱ्या सोयीचे, खाते कधी उघडले नव्हते.

शेतीच्या आणि घरकामाच्या जुन्या अवजारांच्या शब्दांची एक सूची मी करते आहे. जाते, मोट, औत, बलुतेदारांची हत्यारे अशा कप्प्यांमध्ये त्या खुणा लावलेल्या होत्या. शुक्रवारपासून मी त्या संगणकावर फारसे काही केलेले नाही, फक्त चार नव्या खुणा साठवल्या आहेत.

खडूफळा (रविवार, रात्री ९:२५)

पागोळीताई, प्रथम धीर धरा. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून खुणा पुसल्या गेल्या असाव्यात असे वाटत नाही. त्या परत मिळेपर्यंत फायरफॉक्स पुन्हा काढून बसवणे, 'क्लीनर' नावाने मिळणारे सफाईचे प्रोग्राम चालवणे आणि नवे सिंक खाते उघडणे या तीन गोष्टी कृपया टाळाव्यात.

शाईची दौत (रविवार, रात्री ९:४०)

एक प्राथमिक शंका विचारून ठेवतो. बुकमार्कची पट्टी केवळ लपलेली नाही ना? कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकत्र दाबली की ती पट्टी दिसते किंवा लपते. माझ्या वडिलांच्या संगणकावर हा प्रकार दोनदा झाला आणि दोन्ही वेळा त्यांनी सारे गेले असे समजून दिवसभर काळजी केली. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून संपूर्ण संग्रहाची खिडकी उघडा, तेथेही काही नसेल तरच पुढचा विचार करावा.

पागोळी (रविवार, रात्री ९:५२)

दोन्ही करून पाहिले. त्या खिडकीत माझ्या चार नव्या खुणा आणि फायरफॉक्सने स्वतःहून दिलेले काही दुवे, एवढेच आहे.

सह्यकडा (रविवार, रात्री १०:३०)

मी अनेक वर्षे कार्यालयांतील संगणकांची देखभाल करतो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

फायरफॉक्स हा प्रोग्राम एका जागी असतो आणि आपला संचय, म्हणजे खुणा, इतिहास, साठवलेले पासवर्ड, दुसऱ्या जागी एका फोल्डरमध्ये असतो. त्या फोल्डरला प्रोफाइल म्हणतात. विंडोजमध्ये हे फोल्डर ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरच्या आत, रोमिंग, मग मोझिला, मग फायरफॉक्स, मग प्रोफाइल्स अशा वाटेने सापडते. त्याच्या नावात आधी आठ अक्षरे-आकडे काहीही अर्थ नसलेले असतात आणि पुढे टिंब देऊन 'डिफॉल्ट' किंवा 'डिफॉल्ट-रिलीज' असे लिहिलेले असते. प्रोग्राम काढून टाकला तरी हे फोल्डर सहसा तसेच राहते.

आता आपल्या प्रकरणाचे मर्म. २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक स्थापनेसाठी वेगळी प्रोफाइल ठेवते, आणि ही स्थापना कोणती हे तो प्रोग्राम डिस्कवर कोणत्या फोल्डरमध्ये बसवला आहे त्यावरून ठरते. ३२ बिटचा प्रोग्राम विंडोज एका फोल्डरमध्ये ठेवते आणि ६४ बिटचा दुसऱ्या. त्यामुळे नव्या फायरफॉक्सने आपली जुनी प्रोफाइल 'ती दुसऱ्याच्या नावावर आहे' असे समजून बाजूला ठेवली असावी आणि स्वतःसाठी नवी कोरी प्रोफाइल उघडली असावी. एका घराला दोन खोल्या आहेत आणि आपण रिकाम्या खोलीत उभ्या आहात, असे समजा.

उपाय सोपा आहे. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाऊट', मग विसर्गासारखी एकावर एक दोन टिंबे, मग 'प्रोफाइल्स' असे सलग, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. तेथे प्रोफाइलींची यादी येईल. दोन किंवा अधिक दिसल्या, तर जी सध्या वापरात नाही तिच्याखाली 'नव्या ब्राउझरमध्ये सुरू करा' या अर्थाचे बटण असेल, ते दाबा. त्याच रांगेत 'रिमूव्ह' असेही बटण असते. त्याच्या जवळपासही जाऊ नका.

ओसरी (सोमवार, सकाळी ७:४५)

धागा वाचला. पागोळी यांच्या चिंतेचा पूर्ण आदर ठेवून वेगळे मत मांडतो. खुणांचा एवढा संचय खरोखर आवश्यक आहे का? आज कोणताही शब्द शोधयंत्रात लिहिला की तेच पान पुन्हा मिळते. मी काही वर्षांपूर्वी माझ्या सर्व खुणा जाणीवपूर्वक पुसून टाकल्या आणि त्यामुळे माझे काही अडले नाही.

पागोळी (सोमवार, सकाळी ८:३०)

ओसरी, आपल्याला अडले नसेल हे मी मान्य करते, पण माझ्या कामात पान मिळणे हा निम्माच भाग आहे. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर ठेवला आहे, तो कोणालाही शोधता येईल. पण मी प्रत्येक खूण साठवताना तिच्या नावाच्या जागी स्वतःची टीप लिहीत आले आहे. उदाहरण देते. मोटेच्या जाड दोराला नाडा म्हणतात आणि धाकट्या दोराला सोंदूर. त्या नोंदीच्या खुणेचे नाव मी असे ठेवले होते: 'नाडा. सोंदूरशी तुलना करावी. आईने सांगितलेला अर्थ थोडा वेगळा, तिच्या माहेरी धाकट्या दोरालाही नाडाच म्हणत.' माझी आई आता नाही. ही टीप कोणते शोधयंत्र मला परत देईल?

जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच आहे. पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या ग्रामीण भारतावरील संकेतस्थळावरच्या ओव्यांच्या संग्रहात कोणत्या ओवीत कोणता शब्द आला आहे, हे मी खुणांच्या नावांत लिहून ठेवले होते.

ओसरी (सोमवार, सकाळी ८:४१)

माझे म्हणणे मी मागे घेतो. आपण केवळ दुवे साठवत नव्हतात, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

मांडवीकाठ (सोमवार, सकाळी ९:१५)

विषय निघालाच आहे तर क्रोम वापरणाऱ्यांसाठीही लिहितो, कारण पणजीला आमच्या घरी गेल्या वर्षी हेच संकट वेगळ्या रूपाने आले होते. माझ्या मुलीने तिच्या मोबाइलवर जागा करताना माझ्या खात्यातील एक पूर्ण फोल्डर पुसले. सिंक चालू असल्यामुळे काही क्षणांत ते माझ्या संगणकावरूनही नाहीसे झाले.

क्रोम आपल्या खुणा प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये 'बुकमार्क्स' नावाच्या एकाच फाइलमध्ये ठेवते आणि तिच्या शेजारी 'बुकमार्क्स.बॅक' या नावाची आधीची एक प्रत असते. ते फोल्डर कोठे आहे हे पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम', दोन टिंबे, दोन तिरक्या रेषा आणि 'व्हर्जन' असे लिहिले की 'प्रोफाइल पाथ' या ओळीत दिसते. मी सर्वप्रथम वाय-फाय बंद केले, क्रोम पूर्णपणे बंद केले, टास्क मॅनेजरमध्ये मागे काही चालू नाही ना हे पाहिले, दोन्ही फाइलींच्या प्रती डेस्कटॉपवर घेतल्या, आणि मगच जुन्या प्रतीचे नाव बदलून ती मूळ फाइलच्या जागी ठेवली. क्रोम उघडताच हरवलेले फोल्डर समोर होते. वाय-फाय मात्र मी लगेच चालू केले नाही. आधी संपूर्ण संग्रह एका एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या स्वरूपातील, फाइलमध्ये उतरवून घेतला, म्हणजे सिंकने पुन्हा काही गोंधळ केला तरी हातात प्रत राहील.

ही 'बॅक' प्रत एकच असते. क्रोम पुन्हा सुरू झाले आणि खुणांमध्ये काही बदल नोंदला गेला की तिच्यावरही नवी प्रत चढते. म्हणून वेळ फार थोडा असतो.

शाईची दौत (सोमवार, सकाळी ९:२८)

मांडवीकाठ यांना एक छोटी पुरवणी. चूक लक्षात आली तेव्हा बुकमार्क मॅनेजरची खिडकी उघडीच असेल, तर सरळ कंट्रोल आणि झेड दाबावे. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींमध्ये पुसलेली खूण त्याने परत येते.

न्यूजर्सीकर (सोमवार, सकाळी १०:०५)

माझ्या मते या सगळ्यावर एकच उत्तर आहे, ते म्हणजे सिंक. पागोळीताईंनी ते आधीच चालू केले असते तर ही वेळच आली नसती. मी तीन संगणक बदलले, एकही खूण हरवली नाही.

खडूफळा (सोमवार, सकाळी १०:३०)

न्यूजर्सीकर, संगणक बदलताना सिंकचा मोठा उपयोग होतो याबद्दल वाद नाही. परंतु सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, आणि मांडवीकाठ यांचा अनुभव आपल्या वरच लिहिलेला आहे. सिंकचे काम सर्व यंत्रांवरची स्थिती सारखी ठेवणे एवढेच आहे. एका ठिकाणी चूक झाली तर तीच चूक ते तितक्याच प्रामाणिकपणे सगळीकडे पोहोचवते.

फायरफॉक्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. मोझिलाच्या सर्व्हरवर आपला संचय कुलूपबंद स्वरूपात असतो आणि त्याची किल्ली आपल्या पासवर्डपासून तयार होते. पासवर्ड विसरून नवा घेतला आणि आधी 'रिकव्हरी की' काढून ठेवलेली नसेल, तर सर्व्हरवरचा जुना संचय हाती लागत नाही. ज्याच्याकडे एकच संगणक आहे आणि तोच बिघडला आहे, त्याच्यासाठी ही अडचण फार मोठी ठरते.

न्यूजर्सीकर (सोमवार, सकाळी ११:१०)

किल्लीचा मुद्दा मला माहीत नव्हता. आजच रिकव्हरी की काढून कागदावर लिहून ठेवतो. सिंकच्या उपयुक्ततेबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

भुईनळा (सोमवार, दुपारी १२:२०)

हरवलेल्या फाइली परत आणणारे विकतचे सॉफ्टवेअर मिळते. ताईंनी ते घेऊन टाकावे, म्हणजे निश्चिंत होता येईल.

सह्यकडा (सोमवार, दुपारी १२:५०)

भुईनळा, आपला हेतू चांगला आहे, पण या टप्प्यावर हा सल्ला घातक ठरू शकतो. ज्या डिस्कवरून काही परत मिळवायचे, तिच्यावर नवे काहीही बसवू नये, कारण पुसलेल्या फाइलच्या जागेवरच नवी फाइल लिहिली जाण्याचा धोका असतो. शिवाय संगणकात एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर 'ट्रिम' नावाची सोय पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी करते, आणि मग विकतच्या सॉफ्टवेअरलाही फारसे काही सापडत नाही. ताईंचे तर काही पुसले गेल्याचेच सिद्ध झालेले नाही.

विंडोज नव्याने टाकले गेले असेल त्यांच्यासाठी एक उल्लेख करतो. डिस्क फॉरमॅट न करता विंडोज पुन्हा बसवले, तर जुने सारे 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि त्यातच जुनी प्रोफाइल सापडते. ते फोल्डर साधारणपणे १० दिवसांनी आपोआप काढले जाते, म्हणून ते लगेच तपासावे.

घडवंची (सोमवार, दुपारी २:१५)

मी असे वाचले आहे की फायरफॉक्सच्या खुणा 'प्लेसेस.एसक्यूलाइट' या फाइलमध्ये असतात. जुन्या फोल्डरमधून ती एक फाइल उचलून नव्या फोल्डरमध्ये ठेवली तर काम होणार नाही का? प्रोफाइल बदलण्याचा खटाटोप कशासाठी?

सह्यकडा (सोमवार, दुपारी ३:००)

काम होईल, पण त्यात दोन अडचणी आहेत. त्या फाइलमध्ये खुणांबरोबर आपण पाहिलेल्या पानांचा इतिहासही असतो, त्यामुळे नव्या प्रोफाइलमधील इतिहास आणि पागोळीताईंच्या चार नव्या खुणा दोन्ही झाकल्या जातील. दुसरे असे की फायरफॉक्स चालू असताना अलीकडचे बदल त्याच नावाच्या, शेवटी 'वॉल' असलेल्या वेगळ्या फाइलमध्ये थांबलेले असतात. ब्राउझर पूर्ण बंद न करता नुसती मुख्य फाइल उचलली तर ते बदल मागे राहतात.

त्यापेक्षा सुरक्षित वाट फायरफॉक्सनेच करून ठेवली आहे. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये 'बुकमार्कबॅकअप्स' नावाचे एक उपफोल्डर असते. त्यात फायरफॉक्स स्वतःहून खुणांच्या प्रती ठेवत जाते, आणि नेहमीच्या मांडणीत अशा १५ प्रती राहतात. प्रत्येक फाइलच्या नावात आधी तारीख असते, मग खुणांची संख्या, मग अक्षरांची एक लांब मालिका. संख्या पाहिली की कोणत्या दिवसापर्यंत सारे शाबूत होते ते फाइल न उघडताच कळते. एखाद्या दिवशी हजारावरून आकडा एकदम वीसवर आला असेल, तर घात त्या दिवशी झाला.

संग्रहाच्या खिडकीतील 'इम्पोर्ट अँड बॅकअप' या यादीत 'रिस्टोअर' असते, आणि त्यात 'चूज फाइल' घेऊन यातील कोणतीही प्रत निवडता येते. पण रिस्टोअर केल्यावर सध्याच्या सर्व खुणा जातात आणि त्यांच्या जागी प्रतीतील खुणा येतात. दोन्ही एकत्र होत नाहीत. याउलट एचटीएमएल फाइल आयात केली तर असलेल्या खुणांमध्ये भर पडते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे आधीचे मिळवताना नंतरचे गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

घडवंची (सोमवार, दुपारी ३:१८)

समजले. फाइल उचलण्याचा विचार सोडून दिला.

जास्वंदी (सोमवार, सायंकाळी ५:४०)

आयफोन आणि मॅकवर सफारी वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. आयक्लाउडच्या संकेतस्थळावर खात्यात शिरले की 'डेटा रिकव्हरी' या भागात 'रिस्टोअर बुकमार्क्स' अशी सोय आहे. तेथे मागील ३० दिवसांतील जतन केलेल्या आवृत्त्या असतात. माझ्या बहिणीच्या पाककृतींच्या खुणा आम्ही अशाच परत मिळवल्या.

पागोळी (सोमवार, रात्री ८:५०)

सर्वांना सविस्तर कळवते.

खबरदारी म्हणून आधी दोन्ही प्रोफाइलींचे संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. त्यानंतर सह्यकडा यांनी सांगितल्याप्रमाणे अबाऊट:प्रोफाइल्स उघडले. तेथे दोन नावे होती. वरच्या नावापुढे ही प्रोफाइल सध्या वापरात आहे असे लिहिलेले होते. खालच्या नावाखालचे बटण दाबले आणि दुसरी खिडकी उघडली. तिच्या डाव्या बाजूला माझे कप्पे ओळीने उभे होते: जाते, मोट, औत, सुतार, कुंभार, चांभार. मी काही वेळ काहीच न करता नुसती पाहत बसले.

जुन्या फोल्डरमधील 'बुकमार्कबॅकअप्स' उघडून पाहिले. पंधरा फाइली आहेत. पहिल्या फाइलच्या नावात १,८३१ हा आकडा आहे आणि संगणक दुकानात दिला त्याच्या आदल्या दिवशीच्या फाइलच्या नावात १,८४६. म्हणजे एकही खूण गेलेली नाही.

आता एक प्रश्न उरतो. मी जुनी प्रोफाइलच कायमची वापरावी, की नव्या प्रोफाइलमध्ये या खुणा रिस्टोअर कराव्यात?

सह्यकडा (सोमवार, रात्री ९:०५)

मनापासून आनंद झाला. जुनीच वापरा. तिच्यात पासवर्ड आणि इतिहासही आहे. त्याच पानावर जुन्या प्रोफाइलखाली 'डिफॉल्ट करा' या अर्थाचे बटण आहे, ते दाबून फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडा. नव्या प्रोफाइलमधील चार खुणा चारच असल्यामुळे त्यांचे पत्ते एका कागदपत्रात चिकटवून घ्या आणि जुनीत हाताने साठवा. नवी प्रोफाइल महिनाभर तशीच राहू द्या.

एक सावधगिरी. ही प्रोफाइल आता नव्या आवृत्तीने उघडली गेली आहे. त्यामुळे यापुढे कोणी आपल्या संगणकावर फायरफॉक्सची जुनी आवृत्ती बसवली, तर ती या प्रोफाइलला उघडण्यास नकार देईल आणि नवी प्रोफाइल करण्यास सुचवेल. तसे झाले तर घाबरू नका, आवृत्ती अद्ययावत करा.

खडूफळा (सोमवार, रात्री ९:२०)

ताई, एवढे झाले आहे तर आज रात्रीच दोन फाइली करून ठेवा. 'इम्पोर्ट अँड बॅकअप' मधून एक 'बॅकअप' आणि एक 'एक्स्पोर्ट'. पहिली फायरफॉक्समध्ये जशीच्या तशी परत घेण्यासाठी, दुसरी एचटीएमएल स्वरूपात, जी क्रोम, एज, सफारी सगळ्यांना वाचता येते. दोन्ही फाइली स्वतःलाच ईमेलने पाठवा. दर महिन्याच्या १ तारखेला मी हे करतो, विजेचे बिल भरतानाच.

शाईची दौत (सोमवार, रात्री ९:४५)

अकरा वर्षांच्या खुणांपैकी काही दुवे मेलेले निघतील, त्याचीही मनाची तयारी ठेवावी. शिकागोच्या कोशांचे पत्तेच पाहा, पूर्वी ते वेगळ्या सर्व्हरच्या नावाने होते. अशा वेळी मेलेला पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहावा. जुने पान तेथे जपलेले असेल तर नवी खूण त्या प्रतीची करावी.

पागोळी (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

आज दिवसभर तेच करत होते. मोट हा कप्पा पूर्ण तपासून झाला. ५२ दुव्यांपैकी १४ उघडत नाहीत, त्यांतील ९ वेबॅक मशीनमध्ये सापडले. उरलेल्या पाचांची पाने गेली तरी माझ्या टिपा खुणेच्या नावात शिल्लक आहेत, त्या मी वहीत उतरवून घेतल्या. आईची टीप जिला जोडली आहे तो नाड्याचा दुवा जुन्या सर्व्हरचाच निघाला. कोशाच्या नव्या पत्त्यावर शब्द पुन्हा शोधला, नवी खूण केली आणि टीप अक्षर न बदलता तिच्यावर चढवली. जुनी खूण मग पुसली.

चारही नव्या खुणा हाताने साठवल्या. फायरफॉक्सने आज केलेल्या प्रतीच्या नावात १,८५० हा आकडा आहे.

सह्यकडा (मंगळवार, सायंकाळी ६:४२)

आकडा बरोबर जुळला. औताचा कप्पा तपासताना शिवळ आणि जू यांच्या नोंदी येथे दिल्यात तर आमच्याकडचे शब्द मीही सांगेन. माझे आजोळ बार्शीकडचे आहे.